प्रकल्प नोंदी: रात्रभर ओट्यावर राहिलेलं पातेलं

१४ जून २०२५, शनिवार

हेतू आधी लिहून ठेवते. रविवारी रात्री मटणाच्या रश्श्याचं पातेलं ओट्यावर झाकून ठेवायचं, सोमवारी सकाळी उकळी द्यायची आणि डब्याला न्यायचं, ही आमच्या घरची रीत. मी डेअरीच्या लॅबमध्ये, हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीमध्ये. लग्न झाल्यापासून वाद हाच आणि दोघांची वाक्यंही ठरलेली. मी म्हणायचं, "अहो, रात्रभरात जंतू वाढतात." ह्यांनी म्हणायचं, "उकळी दिल्यावर कुठला जंतू जगतोय?" मग सासूबाईंनी लेकाची बाजू घ्यायची आणि मी भांडी आपटायची.

आता आषाढ संपेपर्यंत तोंड बंद ठेवून फक्त मोजायचं ठरवलंय. श्रावण लागला की मटण तसंही बंद.

मे महिन्यात एका सोमवारी रात्री घरातल्या सगळ्यांचंच पोट बिघडलं होतं. ह्यांनी खापर संध्याकाळी प्यायलेल्या उसाच्या रसातल्या बर्फावर फोडलं. असेलही तसं. रश्श्याचा नमुना कुणी ठेवला नव्हता, त्यामुळं छातीठोकपणे काहीच सांगता येत नाही. एवढंच की मांसाच्या मोठ्या पातेल्यात ज्याच्यावर पहिला संशय घ्यावा तो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू खाल्ल्यावर साधारण ६ ते २४ तासांनी त्रास देतो. कळा येतात, जुलाब होतात आणि बहुधा दिवसभरात माणूस बरा होतो. तोवर आदल्या जेवणाची आठवण कुणाला नसते. शेवटी जे खाल्लं त्याच्यावर आळ येतो.

उपकरणं: सुईसारखं टोक असलेला डिजिटल थर्मामीटर, आणि दर दहा मिनिटांनी आपोआप नोंद घेणारा, वायरचा प्रोब असलेला छोटा लॉगर. दोन्ही स्वतःच्या पैशानं घेतलेत, लॅबचे नाहीत. बर्फाच्या पाण्यात ०.२ दाखवलं. उकळत्या पाण्यात ९८. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्यानं इथं पाणी शंभरला उकळतच नाही, ९८ च बरोबर. हे बाजूलाच उभे होते. "म्हणजे आपल्या गावात उकळीसुद्धा कमी पडती म्हण की," म्हणाले. दोन अंशांनी काही बिघडत नाही असं सांगितलं.

१५ जून, रविवार

मटण लक्ष्मीपुरीतून ह्यांनीच आणलं, शिजवलंही ह्यांनीच. रविवारी स्वयंपाकघरात मला प्रवेश फक्त कांदा चिरण्यापुरता. कुकरमधलं मटण म्हणजे मटणच नव्हे असं ह्यांचं मत असल्यानं सगळं पातेल्यात, मंद आचेवर. आळणी पाणी (मटण शिजलेलं बिनमसाल्याचं पाणी) बाजूला काढून त्यातून पांढरा, बाकीच्यात कांदा-लसूण मसाला घालून तांबडा, आणि सुकं वेगळं. चवीबद्दल या वहीत एकही तक्रार नोंदवली जाणार नाही.

तालमीतले दोघं जेवायला होते, तरी तांबडा निम्म्याहून जास्त उरला. ठरवूनच उरवतात. "दुसऱ्या दिवशी रस्सा मुरतो," हे कारण. रात्री १० ला गॅस बंद. झाकणाच्या फटीतून वायर आत सोडून प्रोब पातेल्याच्या मधोमध ठेवला.

"काय गं, रश्श्याचा ईसीजी काढायलीस व्हय?"

मी काही बोलले नाही. ठरलंय ना.

१६ जून, सोमवार

लॉगरची रात्र: १० वाजता ९६. १२ वाजता ६३. पहाटे २ ला ४६, ४ ला ३६. सकाळी ६ ला ३१, स्वयंपाकघराची हवा २६.

म्हणजे मध्यरात्र उलटेपर्यंत काळजी नव्हती. ६० च्या वर जंतू वाढत नाहीत. पण त्यानंतरचे सगळे तास पातेलं नेमकं जंतूंना हव्या त्या उबेत बसून होतं. परफ्रिंजेन्सला ४३ ते ४७ अंश सगळ्यात मानवतात, आणि तिथं त्याची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. त्याचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातलं उष्णता सोसणारं रूप, शिजवताना मरत नाहीत. उलट शिजवण्यानं आजूबाजूचे इतर जंतू मरतात, पाण्यातली हवा निघून जाते आणि ह्याला रान मोकळं मिळतं. दुसरं म्हणजे वरचा कट. बोटभर तेलाचा थर असला की वाफ निघत नाही आणि वाफ निघाली नाही की पातेलं हळू निवतं. कट जितका झणझणीत दिसणार, तितका रस्सा जास्त वेळ कोमट राहणार.

सकाळी ह्यांनी उकळी दिली. कडेनं बुडबुडे आले, कट तडतडला. "हे बघ, उकळलं." मी थर्मामीटरची सुई मधल्या एका जाड फोडीत खुपसली. ५४. ह्यांनी चष्मा वर करून आकडा दोनदा वाचला. मग पळीनं तळापासून ढवळलं आणि पाचेक मिनिटं चांगलं खळखळू दिलं. ८९.

आता इथं खरं ते लिहिलं पाहिजे. ह्यांचं अर्धं बरोबर आहे. परफ्रिंजेन्सचे वाढलेले जंतू अशा सगळीकडून आलेल्या उकळीत मरतात, आणि त्यांचं विष मुख्यतः आपल्या आतड्यात तयार होतं, पातेल्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची जी पाच सूत्रं मांडली त्यातही पुन्हा गरम करताना ७० अंशांच्या वर नीट न्या असंच आहे. पण त्याच पाच सूत्रांत शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका हेही आहे, कारण सगळे जंतू परफ्रिंजेन्ससारखे नसतात. हाताच्या फोडातून, नाकातून येणारा स्टॅफिलोकॉकस अन्नातच विष सोडतो. ते उकळीला दाद देत नाही. जंतू मेला तरी विष तसंच.

हे सगळं मी चहा पिता पिता सांगितलं. त्यातलं "तुमचं अर्धं बरोबर" एवढंच ह्यांनी उचललं.

१८ जून, बुधवार

फ्रीज तपासला. पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून रात्रभर. मधल्या कप्प्यात ७, दारात ११. पाच किंवा त्याखाली हवं. बटण दोनवरून चारवर केलं, मागची जाळी पुसली, वरच्या कप्प्यातले रिकामे डबे (सासूबाईंचा खजिना) काढले. संध्याकाळी मधे ४. सासूबाईंना डब्यांचं वाईट वाटलं.

२४ जून, मंगळवार

आजची नोंद प्रकल्पाबाहेरची, पण घडलं ते लिहिते. हे तालमीच्या दिवसांपासून गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पितात. म्हैस समोर पिळायची, फेसाचा ग्लास उभ्या उभ्या संपवायचा. मी दिवसभर लॅबमध्ये दूध ७२ अंशांवर १५ सेकंद राहिलं की नाही हे तपासायचं आणि माझ्याच नवऱ्यानं कच्चं दूध प्यायचं. कच्च्या दुधातून ब्रुसेल्ला हा जंतू येऊ शकतो, क्षयाचे जंतू येऊ शकतात. जनावर दिसायला धडधाकट असलं, म्हणजे ते दूध निर्धोक असं होत नाही. दुधाचं पाश्चरायझेशन करतात ते यासाठीच.

"घरी आणा, उकळून देते," म्हटलं.

"उकळल्यावर धारोष्ण कुठलं राहिलं?"

याला माझ्याकडं उत्तर नाही. लेकाला मात्र कट्ट्यावर न्यायचं नाही, एवढं कबूल करून घेतलं. तेही सहज झालं नाही, दोन दिवस अबोला लागला.

२९ जून, रविवार

आज मोठी गोष्ट घडली आणि ती जंतूंमुळं नाही घडली.

जेवणं झाल्यावर मी लॉगरचा आलेख मोबाइलवर ह्यांच्यासमोर धरला. १५ जूनच्या रात्रीची वाकलेली रेघ. हे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "ही तर कूलिंग कर्व्ह हाय."

फौंड्रीतल्या माणसाला जंतू दिसत नाहीत, पण निवणं दिसतं. कास्टिंगचा जाड भाग शेवटी थिजतो, पातळ भाग आधी, यावर ह्यांची अख्खी नोकरी चाललीय. तिथं मॉड्युलस काढतात, म्हणजे घनफळ भागिले बाहेरचं क्षेत्रफळ. ख्वोरिनोव्ह नावाच्या अभियंत्यानं १९४० मध्ये मांडलेला नियम: धातू थिजायला लागणारा वेळ या मॉड्युलसच्या वर्गाच्या प्रमाणात. ह्यांनी लेकाची वही ओढली, पट्टीनं पातेलं मोजलं. व्यास २६, आतला रस्सा १५ सेंटीमीटर उंच. मॉड्युलस साडेतीनच्या आसपास. मग मी पुढं सरकवलेली स्टीलची परात, व्यास ३०, त्यात ५ सेंटीमीटर रस्सा. जेमतेम १.९.

"वर्ग केलास तर साडेतीन पट फरक पडतोय की गं."

वर्गाचा नियम वाळूच्या साच्यातल्या धातूला लागू. हवेत निवणाऱ्या पातळ रश्श्याला तो जसाच्या तसा लागत नाही, फरक कमी पडणार. पण कल तोच आहे आणि माणूस पहिल्यांदाच माझ्या बाजूनं हिशोब करत होता, तेव्हा मी दुरुस्ती केली नाही. ह्या वहीत करून ठेवते.

रात्री तांबडा दोन पराती आणि एका पसरट डब्यात ओतला. पराती पाणी भरलेल्या घमेल्यात, वर पंखा. परातीतला रस्सा पाऊण तासात ४० च्या खाली आला. त्यानंतर मात्र रेंगाळला, कारण नळाचं पाणीच २५ होतं. अमेरिकेच्या फूड कोडमध्ये खानावळींसाठी नियम आहे: ५७ वरून २१ वर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत. आपल्या हवेत ओट्यावर ठेवून २१ येणारच नाही, रात्रभर ठेवा नाहीतर आठवडाभर. पुढचं काम फ्रीजचंच.

आणि इथं गाडी अडली. "फ्रीजमधलं मटण मी खात न्हाई." शिवाय "गरम भांडं आत ठेवलं की फ्रीज बसतो." दुसऱ्यात तथ्य आहे. आठ लिटरचं कढत पातेलं आत गेलं तर बाकीचं दूध, दही सगळं तापेल. कोमट झालेल्या उथळ डब्यांनी तसं होत नाही. हे लॉगर दारात ठेवून दाखवता येईल. पहिल्या वाक्याला लॉगर नाही.

परात फ्रीजमध्ये मी ठेवली. सकाळी ती बाहेर काढून ओट्यावर ठेवलेली सापडली. किती वाजता काढली ते लॉगरमध्ये आहे, पण विचारलं नाही. रस्सा कामवाल्या मावशी न्यायला तयार होत्या. दिला नाही, टाकला. ह्यांना ते फार लागलं. "अन्न टाकतीस?" हे खरंच सोपं नव्हतं. आमच्या दोघांच्याही घरी अन्न टाकणं म्हणजे पाप.

२ जुलै, बुधवार

भात. रात्रीचा उरलेला भात झाकून ओट्यावर, सकाळी फोडणीचा भात. हे खातं सासूबाईंचं. तांदळात बॅसिलस सेरियसचे बीजाणू असतात, शिजवल्यावरही टिकतात, आणि भात कोमट राहिला की त्यातले काही प्रकार उलटी करवणारं विष तयार करतात. ते विष उकळून, परतून, फोडणी देऊन जात नाही. म्हणजे "गरम केलं की झालं" हा ह्यांचा अर्धा बरोबर मुद्दा भाताला अजिबात लागत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या येळंला कुठं हुता फ्रीज? कोण मेलं?"

मी विचारलं, "मग उरलेला भात काय करायचा?"

"उरायचाच न्हाई. बारा माणसं खाणारी. उरलं तर म्हशीच्या आंबोणात."

हे सांगताना त्यांच्या लक्षात आलं नाही, पण माझ्या आलं. बारा माणसांचं मापून शिजवलेलं पातेलं आणि चार माणसांत दोन दिवसांसाठी मुद्दाम उरवलेलं पातेलं, या दोन वेगळ्या रीती आहेत. दुसरी रीत जुनी नाही, ती फ्रीजच्या काळातली आहे. फक्त तिच्यात फ्रीज वापरायचा नाही असा हट्ट आहे.

शिळी भाकरी, ठेचा, ताक, आंबील यांना मी हात लावलेला नाही. भाकरी कोरडी, ताक-आंबील आंबट, ठेच्यात मीठ. सगळ्या शिळ्याला एकाच काठीनं हाणलं तर सासूबाई माझं एकही ऐकणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

भात आता जेवणं उरकली की ताटात पसरतो, तासाभरात डब्यात, डबा फ्रीजमध्ये. सासूबाई स्वतः करतात. "मी ठेवतो, तू नको लक्ष घालूस," म्हणाल्या.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. वरीचे तांदूळ जुने निघाले, ओलसर वास आला. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते, आणि उपवासाच्या दिवसांत त्यानं विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. नवीन आणले. यावर वाद नाही.

११ जुलै, शुक्रवार

गल्लीची त्र्यंबोली (टेंबलाई) देवीची यात्रा. पंचगंगेचं नवं पाणी घेऊन बायका टेंबलाईच्या टेकडीवर, पुढं पी-ढबाक वाजंत्री, आणि गल्लीत मांडवाखाली मटण. मंडळाच्या पातेल्यांचा मुख्य आचारी आमच्या घरचा. मला खरी धास्ती या दिवसाची होती. सकाळी साडेदहाला रस्सा तयार, मिरवणूक परत येईपर्यंत दीड-दोन, शेवटची पंगत चारला. वर मटण नेणारे डबे घेऊन संध्याकाळपर्यंत येत राहतात.

मी काही सांगायला गेले नाही. चार बायकांसमोर नवऱ्याच्या पातेल्यात सुई घालणं शोभलं नसतं. पण दुपारी बघितलं तर पातेली चुलीवरून उतरवलीच नव्हती. खाली लाकडं ओढून घेऊन निखारे ठेवले होते आणि एका पोराला फक्त ढवळायला उभं केलं होतं. हे मला बघून जवळ आले, आवाज खाली करून म्हणाले, "मोज." ७८. दुसऱ्यात ७१. तिसऱ्याचे निखारे विझत आले होते तरी ६४.

"फ्रीज कशाला लागतोय? निवूच द्यायचं न्हाई."

याहून चांगला उपाय गल्लीच्या जेवणाला नाही. गरम आहे ते ६० च्या वर ठेवा, हाच नियम आहे. मी आठवडाभर त्यांना निवण्याचं सांगत होते, ह्यांनी उलटं टोक पकडलं. संध्याकाळी डबा घेऊन येणाऱ्यांना "आजच संपवा, उद्यावर ठेवू नका" हेही ह्यांच्याच तोंडून ऐकलं. घरी हे वाक्य म्हणायचा हक्क फक्त मला होता.

१४ जुलै, सोमवार

तांबडा सुटला, आता पांढरा.

खरं तर धोका पांढऱ्यातच जास्त. त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस. सकाळी खळखळून उकळला तर फाटतो, म्हणून त्याला उकळी देतच नाहीत, नुसता कोमट करून वाटीत ओततात. आज सकाळी गरम केलेला पांढरा मोजला: ५१. म्हणजे ज्या उकळीच्या जोरावर ह्यांचा सगळा युक्तिवाद उभा आहे, ती पांढऱ्याला मिळतच नाही. हे दाखवल्यावर पहिल्यांदाच "काय न्हाई होत" असं आलं नाही. त्याऐवजी आलं ते, "मग पांढरा संपवत जाऊ." संपत नाही. कारण लोक तांबड्याची दुसरी वाटी मागतात.

माझा प्रस्ताव: नारळाचं दूध घालण्याआधी आळणी पाणी निम्मं बाजूला काढायचं, उथळ डब्यात निववून फ्रीजमध्ये. सोमवारी ते खळखळ उकळायचं, त्याचं काही फाटत नाही, आणि मग ताजं वाटण घालायचं. चवीलाही हे वरचढ ठरेल असं मला वाटतं.

ह्यांचा प्रश्न: सोमवारी सकाळी साडेसहाला नारळ कोण खवणार?

२४ जुलै, गुरुवार

गटारी. उद्यापासून श्रावण, म्हणून आजच नोंद पुरी करते.

तांबडा: मटण यावेळी दीड किलोऐवजी एक किलोच आणलं. कारण विचारलं तर "भाव वाढलाय." पराती न सांगता काढल्या, घमेल्यात पाणीही न सांगता भरलं, वर फ्रीजरमधला बर्फ टाकला. त्यामुळं दीड तासात २२. फ्रीजमध्ये स्वतः ठेवलं नाही. परात ओट्यावर सोडून हे झोपायला गेले आणि जाताना माझी वाट मोकळी राहील अशा बेतानं मला म्हणाले, "मी काय बघितलं न्हाई." मी ठेवली.

भात: सासूबाईंकडं, सुरळीत.

दूध: कट्टा चालू. बदल शून्य.

पांढरा: आळणी वेगळं काढलं, ४ अंशांवर आहे. नारळ सोललेला आहे. कोण खवणार यावर रात्री साडेअकरापर्यंत निर्णय झालेला नाही, आणि उद्या श्रावण असल्यानं तो प्रश्न आपोआप सुटला असं ह्यांचं म्हणणं आहे. डबा फ्रीझरमध्ये टाकला, त्यावर तारीख लिहिली.